खिळ्यांवर जोडलेली साखळी

लातूर जिल्हा वेगळा झाला त्या साली कचेऱ्यांचीही वाटणी झाली. खुर्च्या, कपाटं, टाइपरायटर, इतकंच काय, बंद पडलेल्या जीपगाड्यासुद्धा दोन जिल्ह्यांनी भावाभावांनी वाटाव्या तशा वाटून घेतल्या. एका गोदामाच्या कोपऱ्यात पोत्याखाली पडलेल्या तीन करवती मात्र ना उस्मानाबादला हव्या होत्या, ना लातूरला. साध्या करवती नव्हत्या त्या. एका टोकाला पेट्रोलवर चालणारं इंजिन, दुसऱ्या टोकाला नुसती मूठ, मधे चार फूट लांब पोलादी पट्टी आणि त्या पट्टीच्या काठानं गरगर फिरणारी दातेरी साखळी. एकानं इंजिन धरायचं, दुसऱ्यानं मूठ. तीस वर्षांपूर्वी किनवटच्या जंगलातला साग तोडायला म्हणून त्या परदेशातून मागवल्या होत्या, असं गोदामाचा म्हातारा चौकीदार सांगायचा. तिथून इकडं कशा आल्या ते त्यालाही माहीत नव्हतं. भंगाराच्या लिलावात त्या निघाल्या, आणि निलंग्याच्या पंढरी मिस्त्रीनं त्या एसटीच्या टपावर घालून घरी आणल्या.

"हे काय उचलून आणलं?" त्याची बायको चांगुणा म्हणाली.

"इंजिन हाय."

"अन् ह्या दातांचं काय करायचं?"

"बघू."

पंढरीचा उजवा हात अर्धाच होता. लातूरला एका गाडीखान्यात रोजंदारीवर हेल्पर असताना पंख्याच्या पट्ट्यात हात गेला. अंगठा आणि करंगळी तेवढी उरली. जखम भरेपर्यंत हजेरीपटावरून नावही गेलं. मग नवराबायको निलंग्याला आली, भीमनगरात राहिली, बसस्टँडच्या मागं पत्र्याचं शेड टाकलं आणि शेतकऱ्यांची पाण्याची इंजिनं दुरुस्त करायला लागली. पंढरीचा कान असा, की इंजिन नुसतं सुरू केलं तरी आत काय बिघडलंय ते तो सांगायचा. पण नट फिरवायला त्याला बोटं नव्हती. बोटं चांगुणाची होती. ती बिलोलीकडची. लहानपणी आईबरोबर विड्या वळायची, त्यामुळं हाताला बारीक कामाची सवय होती. आधी ती नुसती पाना धरायची. मग पाना फिरवायला लागली. चार वर्षांत अशी वेळ आली की पंढरी तोंडानं सांगायचा आणि चांगुणा हातानं करायची. पुढं पुढं तर त्यानं सांगायच्या आत तिचा हात योग्य जागी गेलेला असायचा.

हे पंढरीला आवडायचंही आणि खुपायचंही. शेडात आलेलं एखादं गिऱ्हाईक हसून विचारायचं, "मिस्त्री कोन, बाई का बुवा?" त्या दिवशी भाकरी खाताना पंढरीची मान वर व्हायची नाही.

मग पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसऱ्या वर्षीही नीट आला नाही. विहिरी आटल्या आणि विहिरींवरची इंजिनं मुकी झाली. पाणीच नाही तर इंजिन कोण लावणार, आणि बिघडणार तरी काय? शेडात कुणी येईना. तेव्हा कुठं त्या तीन करवतींवरचं पोतं निघालं.

तिन्हींतून एक उभी करायची, असं पंढरीनं ठरवलं. एकीचा पिस्टन चांगला होता, दुसरीची पट्टी सरळ होती, तिसरीच्या साखळीला बरेचसे दात शिल्लक होते. बाकी सगळं गंजलं होतं. चांगुणानं रॉकेलमध्ये एकेक कडी भिजवून, जुन्या ब्रशानं घासून मोकळी केली. कार्बोरेटरमधला रबरी पडदा कुजून गेला होता. ट्रॅक्टरच्या पंपाचा जुना पडदा कात्रीनं कापून तिनं तिथं बसवला. तीनदा फाटला, चौथ्यांदा टिकला. दात तर एकूणएक कानशीनं घासायचे होते, एक डावीकडं तोंड केलेला, पुढचा उजवीकडं. सगळ्यांची उंची सारखी नसली तर करवत एका बाजूला ओढते, हे तिला आपोआप कळत गेलं. आठ महिने हे चाललं. एका सकाळी दोरी ओढल्यावर मशीन असं काही भर्रकन ओरडलं, की बसस्टँडवरची माणसं पळत आली. लोकांनी तिला फटफटी करवत म्हणायला सुरुवात केली.

काम मिळालं, तेही दुष्काळामुळंच. जागोजागी आमराया वाळून चालल्या होत्या. रामकिशन नावाचा एक लाकूडतोड्या होता, दणकट आणि हसऱ्या तोंडाचा; तो इंजिनाकडं उभा राहायचा आणि पंढरी डाव्या हातानं मूठ धरायचा. चांगुणा शेडात राहून साखळी बघायची. पण मशीन कामावर गेलं की तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. त्या साखळीला अडवायला मशीनवर काहीच नव्हतं. तुटली तर धरणाऱ्याच्या अंगावर येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती दर वेळी जाताना म्हणायची, "जपून." रामकिशन म्हणायचा, "वैनी, तुमी घासलेली साखळी हाय. फिकीर कशाची?"

त्या उन्हाळ्यात माळेवाडीचे सरपंच शेषेराव स्वतः शेडात आले. औरादच्या रस्त्याला फाट्यापासून तासाभराच्या वाटेवर त्यांचं गाव. गावात एकच विहीर जिवंत राहिली होती. तळाला एक झिरा होता, बायका आत उतरून वाटीनं पाणी भरायच्या. आणि त्या विहिरीच्या काठावर एक थोराड चिंच वाळून उभी होती. मुळाशेजारची जमीन भेगाळली होती आणि झाड विहिरीवर कलायला लागलं होतं.

"कुऱ्हाड लावून बघितली," शेषेराव म्हणाले. "घाव घातला की विहिरीचे दगड निसटून आत पडतेत. हातकरवतीला दोन दिवस लागतेल, तवर काठावर माणसं उभी कशी करू? तुमचं मशीन घंट्यात काम उरकंल म्हनतेत."

"शनवारी येताव," पंढरीनं शब्द दिला.

अडचण अशी, की सोमवारीच एका आंब्याच्या बुंध्यात रुतलेल्या जुन्या खुंटीवर आपटून साखळीच्या दोन कड्या तुटल्या होत्या. तुटलेल्या जागी दुसऱ्या साखळीच्या कड्या जोडायच्या, त्यासाठी चार पोलादी रिबिटं, म्हणजे कड्या सांधणाऱ्या खिट्ट्या, लागणार. चांगुणानं जुन्या साखळीतली चार रिबिटं घासून, ठोकून, शाबूत काढली आणि बामच्या रिकाम्या डबीत ठेवली. ती बसवायची तर लालभडक तापवून ठोकावी लागतात, म्हणजे भट्टी पेटवायची, कोळसा आणायचा. बुधवारी दुपारी कोळसा नव्हता. तोवर साखळीची लांबी पट्टीवर बरोबर बसते का, एवढं बघून घ्यावं म्हणून तिनं साध्या खिळ्यांचे चार तुकडे कापले, रिबिटांच्या जागी घातले आणि हलक्या हातानं ठोकून डोकी चपटी केली. साखळी पट्टीवर चढवली. बरोबर बसली.

संध्याकाळी पंढरी लातूरहून प्लग घेऊन आला. दिवसभर उन्हात फिरलेला, चेहरा काळवंडलेला. सकाळी निघताना कुणीतरी पुन्हा तेच बाई-का-बुवा विचारलं होतं, ते दोघांच्याही मनात होतं. ती भाकरी थापत असताना त्यानं विचारलं, "साखळी झाली का?"

"झाली," ती म्हणाली.

लांबी बरोबर झाली, असं तिला म्हणायचं होतं. खिळ्यांचं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि त्या घडीला तिला त्याला काही शिकवायचं नव्हतं. शनिवारला अजून तीन दिवस होते. उद्या भट्टी पेटवू, असं तिनं मनाशी ठरवलं.

गुरुवारी उजाडताच टँकर येणार म्हणून ती घागरी घेऊन रांगेला गेली. टँकर दोन तास उशिरा आला. नळीला झोंबाझोंबी झाली, एका घागरीला पोचा पडला, तरी दोन घागरी भरून ती शेडाकडं आली. शेडाचं दार ओढून घेतलं होतं. आत मशीनच्या जागेवर नुसता तेलाचा डाग.

शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "माळेवाडीचा ट्रॅक्टर आल्ता. रात्रीतून झाड हातभर कललं म्हनले. मिस्त्री अन् रामकिशन गेले बसून. तास झाला असंल."

चांगुणानं घागरी खाली ठेवल्या. फळीवर बामची डबी होती. तिनं ती उघडली. चारही रिबिटं आत होती. माहीत असूनही तिनं ती एकदा मोजली.

बाभळीच्या फांदीला ते खिळे दोन मिनिटं पुरले असते. पण वाळलेली चिंच म्हणजे दगड. साखळी तापणार, खिळे मऊ पडणार, आणि मग एक डोकं निसटलं की झालं. इंजिनाकडं रामकिशन उभा असणार. मुठीकडं तिचा नवरा. आणि पुढं विहीर.

ती पोस्टात धावली. माळेवाडीला फोन नाही, तार पोचायला उद्या उजाडेल, असं पोस्टमास्तरनं सांगितलं. ती पुन्हा शेडात आली. पिशवीत डबी टाकली, हातोडी, कानस, दोन जादा कड्या, पक्कड, ऐरणीचा छोटा तुकडा घातला. पिशवी खांद्याला लागत होती. औरादची गाडी फलाटावर उभी होती, पण ड्रायव्हर चहा पीत होता.

"आवो, गाडी सोडा की," ती कंडक्टरला म्हणाली.

"टायमावर सुटंल, बाई."

"माणूस मरंल हो तिकडं."

कंडक्टरनं तिच्याकडं बघितलं. कुणी आजारी असेल असं त्याला वाटलं असावं. त्यानं ड्रायव्हरला हाक मारली आणि गाडी पाच मिनिटं आधी हलली. त्या पाच मिनिटांचं तिला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं, की ती कामी येता येता राहिली.

गाडीत कडब्याच्या पेंढ्या होत्या, कुणाच्या मांडीवर कोंबड्या होत्या. चांगुणाला काही दिसत नव्हतं. तिच्या डोळ्यापुढं एकच कडी फिरत होती, पट्टीच्या टोकावरून वळताना. वळणावर ताण जास्त येतो. तिनं हिशोब मांडायचा प्रयत्न केला: ट्रॅक्टर सावकाश जातो, दोर बांधायला वेळ लागेल, बैल आणायला वेळ लागेल. पंढरी मशीन लावायच्या आधी साखळीवर अंगठा फिरवतो. कदाचित त्याला कळेल. पण त्याचा तो अंगठा उजव्या हाताचा, आणि त्या अंगठ्याला नीट समजत नाही, हेही तिला माहीत होतं. शिवाय त्यानं विचारलं होतं आणि तिनं सांगितलं होतं. मग तो कशाला बघेल?

फाट्यावर उतरली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पांढरी धूळ, दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली, ढेकळांची रानं. ती चालायला लागली, मग पळायला लागली, पिशवी बरगडीवर आपटायला लागली म्हणून पुन्हा चालायला लागली. अर्ध्या वाटेवर तिला आवाज आला.

भर्र.

दूरवर, पण तिचंच मशीन. तिला तो आवाज हजारात ओळखू आला असता. जाड, घोगरा आवाज येत होता. म्हणजे पट्टी लाकडात शिरली होती. ती थांबून ऐकत राहिली, आणि थांबले कशाला म्हणून पुन्हा पळाली. "थांबा!" असं ती एकदा ओरडलीसुद्धा, त्या मोकळ्या रानात, कुणी नसताना. आवाज चालू होता. एक मिनिट. दोन. अजून चालू होता. टिकतेत का काय, असं तिच्या मनात आलं.

आणि एकदम तो आवाज बारीक झाला, किंचाळल्यासारखा वर चढला. ओझं सुटलेल्या इंजिनाचा आवाज. मग बंद.

तिला कळलं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, पण तिला कळलं, की साखळी गेली.

राहिलेली वाट ती कशी गेली ते तिला आठवत नाही. विहिरीभोवती माणसं होती. बाया एकीकडं घोळका करून उभ्या होत्या. ती गर्दीत शिरली. रामकिशन जमिनीवर बसला होता, मागं कुणीतरी धरलेला. त्याच्या मांडीला फेटा गुंडाळला होता आणि फेटा लाल झाला होता. पंढरी त्याच्यासमोर गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी ती गाठ दाबत होता. तो धड होता. तिच्या मनात पहिल्यांदा हेच आलं, आणि लगेच त्याची लाज वाटली.

"वैनी?" रामकिशन म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "तुमी कशा इकडं?"

तिनं पिशवीतून बामची डबी काढली. ट्रॅक्टर आला, रामकिशनला ट्रॉलीत घातलं, गावातली दोन माणसं बरोबर चढली आणि निलंग्याच्या दवाखान्याकडं निघाली. पंढरीही चढणार होता. चांगुणानं त्याची बाही धरली.

"खिळे होते," ती म्हणाली.

"काय?"

"रिबिटं नव्हती घातलेली. लांबी बघायला खिळे घातले होते. रिबिटं ही बगा, माझ्यापाशी हायती."

पंढरीनं डबीकडं बघितलं, मग तिच्याकडं. "तू झाली म्हन्लीस."

"हाव."

तो आणखी काही बोलणार होता. तेवढ्यात चिंचेच्या बुंध्यातून कड्‌कन आवाज झाला आणि सगळी माणसं चार पावलं मागं सरली. ट्रॉली निघून गेली.

झाड निम्मं कापलेलं होतं. पट्टी खाचेतच अडकून राहिली होती. फांद्यांना बांधलेले दोर पलीकडच्या शेतातल्या दोन बैलजोड्यांनी ताणून धरले होते, आणि बैल फेस गाळत होते. सकाळी ते झाड नुसतं कललेलं होतं. आता ते कधीही येऊ शकत होतं.

"आता काय करायचं, मिस्त्री?" शेषेरावांचा आवाज चढला. "असंच टाकून जायचं का? विहीर बुजली तर गाव उठवावं लागंल मला!"

"साखळी कुठंय?" चांगुणानं विचारलं.

साखळी विहिरीत गेली होती. ती कठड्यापाशी गेली. खाली पायऱ्या, अर्ध्यावर ढासळलेल्या, तळाला झिऱ्याचं चटईएवढं पाणी, आणि पाण्याच्या कडेला चिखलात काहीतरी चमकत होतं. वर तिच्या डोक्यावर चिंच.

"मी उतरते," ती म्हणाली.

शेषेरावांनी तिला खालून वर न्याहाळलं. "तुम्ही निलंग्यात कुठल्या? भीमनगरच्या?"

"हाव."

एक माणूस पुढं होऊन म्हणाला, "बाईनं कशाला? मी काढून देतो."

"कडी चिखलात पडली असंल तर तुमाला कशी वळखू येईल?" चांगुणा म्हणाली. हा माणूस तिच्या जिवासाठी बोलतोय की पाण्यासाठी, तिला समजेना. विचार करायला वेळही नव्हता. घोळक्यातून एक म्हातारी पुढं आली, मल्लम्मा नावाची, कर्नाटकाच्या सीमेपलीकडून सून होऊन आलेली. त्या विहिरीतलं पाणी पहाटे पहिल्यांदा तीच भरायची.

"इळी, तंगी, इळी," ती चांगुणाला म्हणाली. उतर, बहिणी, उतर. मग माणसांकडं वळून, "झाड डोक्यावर हाय अन् तुमी काय इचारायलाव तिला?"

चांगुणा उतरली. शेवटच्या पायऱ्यांवर ती बसून, हातांनी धरून सरकत गेली. खाली गार होतं. वर बघू नये असं ठरवूनही तिनं बघितलं. आभाळाच्या गोल तुकड्यात चिंचेची काळी फांदी आडवी होती. साखळी सापडली. एक कडी सापडली, दुसरी नाही. वाकलेला एक खिळा चिखलात होता. वरून कुणीतरी ओरडलं, "पाण्यात पाय घालू नका, गढूळ होतंय!" तिनं पाय आखडून घेतले. साखळी गळ्यात अडकवून ती वर आली तेव्हा तिचं लुगडं चिखलानं भरलं होतं.

मल्लम्मानं घरच्या चुलीतले निखारे घमेल्यात आणले होते, फुंकणीही आणली होती. ऐरण दगडावर ठेवली. पंढरी समोर बसला आणि उरलेल्या अंगठा-करंगळीच्या चिमट्यात त्यानं साखळी धरली. पहिलं रिबीट निखाऱ्यात लाल झालं. तिनं पकडीनं उचललं, भोकात बसवलं, हातोडी उचलली, आणि साखळी धरलेल्या त्याच्या दोन बोटांकडं बघितलं.

"मी धरलंय," पंढरी हळू म्हणाला. "मार."

तिनं मारलं. एक झालं. दुसरं झालं. प्रत्येक ठोक्याला झाडाकडून काही आवाज येतो का, म्हणून सगळ्यांचे कान तिकडं. तिसऱ्याला कडी घट्ट बसली, हलेना. तिनं कानशीनं डोकं घासून काढलं आणि ते पुन्हा तापवलं. शेषेराव येरझाऱ्या घालत होते. "बाई, बिगीनं करा." ती म्हणाली, "न्हाई, दादा. आता बिगीनं न्हाई." चौथं झालं. चारही सांधे तिनं हातानं वाकवून बघितले, मग पंढरीनं बघितले, मग तिनं पुन्हा.

खाचेत पाचर ठोकून पट्टी अलगद मोकळी केली, साखळी चढवली. आधी तिनं बाजूला पडलेल्या चिंचेच्या फांदीवर मशीन चालवून बघायला लावलं. साखळी टिकली. आता प्रश्न होता, इंजिनाकडं कोण उभं राहणार. रामकिशनचं रक्त अजून मातीत ओलं होतं. गावातला कुणी पुढं येईना. पंढरीच्या हाताला इंजिनाचा खटका दाबता येत नव्हता.

"मी धरते," चांगुणा म्हणाली.

तिनं पदर खोचला. मशीन शेडात तिनं शंभरदा सुरू केलं होतं, पण झाडाला कधी लावलं नव्हतं. ते इतकं जड असतं हेही तिला आज कळलं. पंढरीनं समोरची मूठ धरली. दोघांच्या मधे ती चार फुटांची पट्टी. तिनं दोरी ओढली, आणि भर्र आवाजात बाकी सगळं बुडालं.

लाकडाचा भुसा तिच्या तोंडावर उडत होता. तिची नजर खाचेवर नव्हती, साखळीवर होती. फिरणाऱ्या साखळीत एक कडी दिसत नाही हे ठाऊक असूनही ती चार रिबिटं शोधत होती. दर क्षणाला वाटायचं, आता. आता सुटणार. समोर पंढरीचा चेहरा होता. तो डोळे मिटून ऐकत होता. मधेच त्यानं मान हलवली आणि तिनं खटका सैल केला, लगेच खाच उघडायला लागलेली दिसली. शेषेरावांनी हात वर केला, बैलवाले ओरडले, दोर करकरले. दोघं मशीन ओढून घेऊन मागं पळाली.

चिंच सावकाश, नको-नको करत शेताच्या बाजूला गेली. जाता जाता एका मुळानं कठड्याचा मोठा तुकडा उखडला आणि दहा-बारा दगड धडाधड विहिरीत पडले. धूळ बसल्यावर मल्लम्मा काठावर ओणवी झाली. झिरा दगडांखाली होता, पण पाणी फटीतून दिसत होतं. ते दगड काढायला गावाला दुसरा दिवस लागला.

चांगुणानं मशीन खाली ठेवलं आणि तिथंच बसली. पंढरीनं पाणी आणलं. दवाखान्यातून परत आलेल्या ट्रॅक्टरवर बसून दोघं निघाली. निलंगा जवळ आल्यावर तो म्हणाला, "मी पण बघायला पाहिजे होतं." ती म्हणाली, "मी सांगायला पाहिजे होतं." त्यावर मग कधीच बोलणं झालं नाही.

रामकिशनला दवाखान्यात सोळा टाके पडले होते. त्याची बायको शिवकन्या व्हरांड्यात बसली होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. जुनं मशीन होतं, साखळी तुटली, एवढंच तिला माहीत होतं. चांगुणा तिच्यापाशी जाऊन बसली आणि खिळ्यांपासून सगळं सांगितलं. शिवकन्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जा तुम्ही इथून." चांगुणा उठून गेली.

रामकिशनचा पाय वाचला, पण चढावर तो जरासा ओढत चालायचा. मशीनला त्यानं पुन्हा हात लावला नाही. चांगुणावर त्याचा राग नव्हता, रस्त्यात भेटला की वैनी म्हणायचा. तिलाच त्याच्या पायाकडं बघवायचं नाही. इंजिनाकडं आता तीच उभी राहायला लागली. साखळीवर तिनं तीनदा बोट फिरवलं तरी चौथ्यांदा फिरवावं वाटायचं, आणि पंढरी मूठ धरून वाट बघायचा.

दिवाळीच्या आसपास एका दुपारी शिवकन्या शेडात आली. हातात रामकिशनची कुऱ्हाड होती. पाठीमागच्या उन्हात ती उंबऱ्यावरच उभी राहिली.

"धार लावायची हाय."

चांगुणानं कुऱ्हाड घेतली, पातं दांड्यात घट्ट बसलंय का बघितलं, सैल वाटलं म्हणून पाचर ठोकली, मग दगडावर पाणी शिंपडून धार काढली. शिवकन्या बघत होती. कुऱ्हाड परत हातात घेऊन तिनं पातं हलवून बघितलं, धारेवर अंगठा धरला.

"नीट बघितली का?"

"दोनदा बघितली."

"मंग आनखी एकदा बघा," शिवकन्या म्हणाली, आणि आत येऊन पोत्यावर बसली.

चांगुणानं कुऱ्हाड घेतली आणि पुन्हा दगडापाशी बसली.